देह अमानत आहे, मग अमानतदार कोण?

आपल्या तरुणांच्या बैठकीत शरीराचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'शरीर माझे, निर्णय माझा.' दुसरे, 'शरीर आपले नाही, ती अल्लाहची अमानत आहे.' पहिले वाक्य बहुधा विशी-पंचविशीतली मुले-मुली बोलतात, दुसरे त्यांचे अब्बा, अम्मी किंवा मोहल्ल्यातले एखादे बुजुर्ग. चर्चा तिथेच संपते. पहिले वाक्य पाश्चात्त्य आणि दुसरे इस्लामी अशी वाटणी करून लोक घरी जातात.

ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ज्या पाश्चात्त्य विचारवंतांच्या नावावर पहिले वाक्य खपवले जाते, त्यांनी त्याला मोठमोठ्या मर्यादा घातल्या आहेत. आणि दुसरे वाक्य आपल्या घरांत ज्या कामासाठी वापरले जाते, ते काम त्याला आपल्या परंपरेने दिलेले नाही.

आधी पहिले वाक्य घेऊ. त्याचे सर्वांत प्रसिद्ध वकील म्हणजे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. त्यांचे 'ऑन लिबर्टी' हे पुस्तक १८५९ साली आले. एखाद्या प्रौढ माणसावर त्याच्या मर्जीविरुद्ध सक्ती करायची तर त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका हवा, असे मिल यांचे म्हणणे. त्याचे स्वतःचे भले व्हावे म्हणून त्याला समजवा, विनवा, त्याच्याशी वाद घाला, पण जबरदस्ती करू नका. यासाठी त्यांनी पुलाचे उदाहरण दिले आहे. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकतो आहे, पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत नाही आणि सांगायला वेळ नाही. अशा वेळी त्याचा दंड धरून मागे खेचले तर त्याचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नव्हती. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, माणूस जाणता आणि शुद्धीवर असेल, तर त्याला सावध करावे आणि वाट सोडावी. हा पूल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच पुस्तकात मुसलमानांचाही दाखला आहे. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशात डुकराचे मांस खाण्यावर सर्वांसाठीच बंदी घातली तर ते योग्य होईल का, असा प्रश्न मिल विचारतात आणि उत्तर देतात की नाही, व्यक्तीच्या खाजगी आवडीनिवडीत समाजाने पडू नये. तळटीपेत मुंबईच्या पारशांची गोष्ट येते: इराणातून पश्चिम भारतात आलेल्या या समाजाला आधी हिंदू राजांनी गोमांस सोडण्याच्या अटीवर आसरा दिला आणि पुढे मुस्लीम राज्यकर्त्यांनी डुकराचे मांस सोडण्याच्या अटीवर. इतिहास म्हणून हे किती काटेकोर आहे तो भाग वेगळा. मिल यांच्या उदाहरणात दंडुका मुसलमानांच्या हातात आहे, एवढे आपल्याला पुरे.

महाराष्ट्रात २०१५ साली आपण दंडुक्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत वाढवण्यात आला, आणि परराज्यातून आणलेले गोमांस नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, पण बाहेरून आणलेले मांस बाळगण्याबद्दलचे कलम रद्द केले. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, हा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आपल्या वस्त्यांमध्ये या निकालांचे स्वागत झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण मग आपल्या ताटात सरकारने डोकावू नये म्हणून ज्या तत्त्वाचा आधार घेतला, ते घरातल्या मुलीच्या बाबतीत उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही. कर्नाटकातल्या हिजाबबंदीविरुद्ध बोलताना आपण म्हणालो की काय घालायचे ते ती मुलगी ठरवेल. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर मतभेद झाले, तेव्हा त्यातल्या ज्या निकालपत्रात मुलीच्या निवडीला महत्त्व होते, ते आपण एकमेकांना पाठवले. त्याच्या महिनाभर आधी इराणमध्ये हिजाबच्याच नियमावरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली होती, आणि त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'ती निवडेल' हे शब्द आठवले नाहीत.

मिल यांना डोक्यावर घेऊ नका. पस्तीस वर्षे त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली, आणि आपले स्वातंत्र्याचे तत्त्व 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही असे त्याच पुस्तकात लिहून ठेवले. त्यांच्या हिशेबात आपले खापरपणजोबा अजून अज्ञान मुलेच होते. पण त्यांनी स्वतःच घातलेली एक मर्यादा फार महत्त्वाची आहे: माणूस स्वतःला गुलाम म्हणून विकू शकत नाही. तसा करार त्याने राजीखुशीने केला तरी तो मोडीत काढावा, कारण स्वातंत्र्य वापरून स्वातंत्र्यच कायमचे संपवणे हे स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

जर्मन विचारवंत इमॅन्युएल कांट याहून पुढे जातात. १७९७ सालच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्यांनी दुसऱ्यांप्रति असलेल्या कर्तव्यांच्या आधी स्वतःप्रति असलेली कर्तव्ये मांडली. तिथे त्यांना एक अडचण दिसली. कर्ज देणारा मीच आणि घेणाराही मीच असेन, तर वाटेल तेव्हा मी स्वतःला कर्जमाफी देईन, मग त्या कर्जाला अर्थ काय? कांट यांचे उत्तर असे की हे कर्ज माझ्या लहरीचे नसते. माझ्या ठायी जी माणुसकी आहे तिचे ते असते, आणि ती माफ करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. म्हणून ते सांगतात की आपला दातसुद्धा दुसऱ्याला बसवण्यासाठी विकू नये. नशा आणि खादाडपणाही या कर्तव्यात बसत नाहीत. (त्याच ओघात त्यांनी इस्लामलाही एक टोला हाणला आहे: दारू बंद करून अफूला परवानगी देणे ही वाईट निवड होती म्हणे. ही माहिती त्यांना कोणी दिली कोण जाणे.) त्यांच्या शंभर वर्षे आधी जॉन लॉक यांनी तर एकाच पुस्तकात दोन्ही गोष्टी लिहिल्या. प्रत्येक माणसाची स्वतःच्या देहावर मालकी आहे, तिथे दुसऱ्या कोणाचा हक्क चालत नाही. आणि सर्व माणसे ही निर्मात्याची कारागिरी आहेत, म्हणून कोणालाही स्वतःचा नाश करण्याची मुभा नाही. लॉक यांना यात विसंगती वाटली नाही. दुसऱ्या माणसांच्या तुलनेत माझे शरीर माझे, आणि निर्मात्याच्या तुलनेत त्याचे. अमानतीचा विचार आपण याहून फार वेगळा मांडतो असे नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ.

अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव. ती ज्याच्याकडे सोपवली तो अमानतदार, आणि हिशेबही त्यालाच विचारला जाणार. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या दागिन्यांचा जाब आपण त्याच्या मेहुण्याला विचारत नाही. माझा देह माझ्याकडे सोपवलेला असेल तर कयामतच्या दिवशी त्याबद्दल मलाच विचारले जाईल. माझ्या वडिलांना, नवऱ्याला, भावाला किंवा जमातीच्या अध्यक्षांना त्यांच्या त्यांच्या देहाबद्दल विचारले जाईल. एवढी साधी गोष्ट व्यवहारात उलटी होते. 'अमानत' हा शब्द उच्चारला की बोलणाराच त्या अमानतीचा रखवालदार होऊन बसतो, आणि बहुतेक वेळा ती अमानत एखाद्या बाईचे शरीर असते.

हदीसमध्ये देहाच्या हक्काचा विषय कसा येतो ते पाहा. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी रोज रोजा धरत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळल्यावर त्यांनी बोलावून विचारले आणि समजावले की तुझ्या देहाचा, तुझ्या डोळ्यांचा, तुझ्या पत्नीचाही तुझ्यावर हक्क आहे. महिन्यातून तीन रोजे पुरेत, असे त्यांनी सुचवले. अब्दुल्लाह म्हणाले, मला याहून जास्त झेपते. मग आणखी थोडे, मग आणखी थोडे, असे करत करत एक दिवसाआड रोजा इथवर गोष्ट आली. प्रेषितांनी हुकूम देऊन विषय संपवला नाही, तरुणाशी बोलत बोलत त्याला वाट काढून दिली. म्हातारपणी अब्दुल्लाह म्हणत असत की ती पहिली सवलत तेव्हाच घेतली असती तर बरे झाले असते.

हजरत अम्र बिन आस (रजि.) यांची गोष्ट वेगळी आहे. मोहिमेवर असताना कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. आंघोळ केली तर जीव जाईल असे वाटून त्यांनी तयम्मुम केले आणि फजरच्या नमाजची इमामत केली. साथीदारांनी परतल्यावर तक्रार केली. अम्र यांनी आपला जीव आपण घेऊ नये या अर्थाच्या आयतीचा दाखला दिला, तेव्हा प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. याच्या अगदी उलट प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी आहे, मग सवलत कसली. तो न्हाला आणि मेला. प्रेषितांनी त्याबद्दल त्या सल्ला देणाऱ्यांना दोषी धरले, आणि तेही फार कठोर शब्दांत. जखम त्याची होती, फतवा त्यांचा होता.

तिसरा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. प्रेषितांच्या शेवटच्या आजारपणात घरच्यांनी त्यांच्या तोंडात बळेच औषध घातले. ते खुणेने नको म्हणत होते. हजरत आयशा (रजि.) सांगतात की आम्हाला वाटले, आजाऱ्याला औषध नकोसे वाटतेच, तसेच हे असेल. बरे वाटल्यावर प्रेषितांनी विचारले, मी नको म्हटले होते ना? मग घरात त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येकाला तेच औषध प्यायला लावले, फक्त तिथे नसलेले चुलते अब्बास (रजि.) सुटले. प्रेम करणाऱ्या माणसांनी, भल्यासाठीच, आजाऱ्याचा नकार मोजला नव्हता. बुखारीत ही हदीस आहे.

फिकहमध्ये याचा पुढे कायदा झाला. रुग्णाच्या किंवा त्याच्या वलीच्या परवानगीशिवाय उपचार करून इजा झाली तर बहुसंख्य फकीहांच्या मते हकीम भरपाई देणे लागतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ साली उपचारांविषयी ठराव केला. ज्या आजारात उपचार टाळले तर जीव किंवा अवयव जाईल, किंवा आजार दुसऱ्यांना लागेल, तिथे उपचार घेणे वाजिब आहे. बाकी ठिकाणी ते मुस्तहब, मुबाह किंवा मकरूह ठरू शकते. आणि रुग्ण प्रौढ व शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते. म्हणजे देहाप्रति कर्तव्य आहे, कधी कधी ते फर्जच्या जवळ जाते, आणि तरीही ते पार पाडायचे की नाही हे ठरवणारा हात रुग्णाचाच राहतो. भारतीय कायदा २००८ साली याच ठिकाणी आला. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ बाईचे गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्ण जाणती आहे, तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही.

संमतीचा विषय निघालाच आहे तर बीडच्या ऊसतोड बायांकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ मध्ये त्यांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या बहुतेकींनी कागदावर सही किंवा अंगठा दिला असणार. पण ती सही कशी झाली ते पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत काम चुकले तर खाडा, आणि खाड्याला मजुरी जाऊन वर दंड. पोटात दुखते म्हणून गेली तर डॉक्टर सांगतो की पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल. मिल यांच्या पुलावर ही बाई आपण होऊन चढलेली नाही, मागून ढकलत आणलेली आहे, आणि पुलाविषयी तिला खोटे सांगितले आहे. 'तिचा निर्णय' म्हणून हात झटकणाऱ्यांना मिल यांचे नाव घेता येणार नाही. 'अमानतीत खयानत' म्हणून तिलाच बोल लावणाऱ्यांना शरीअतचेही घेता येणार नाही, कारण नाइलाजाने केलेल्या गोष्टीचा गुन्हा शरीअत त्या माणसावर टाकत नाही. तिच्या देहाचा हिशेब मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि त्या डॉक्टरकडे मागितला पाहिजे.

आता आपल्या घरातली गोष्ट, जी दर रमजानला येते. मधुमेह असलेल्या अम्मी किंवा दादी रोजे सोडायला तयार नसतात. २००१ साली १३ देशांतल्या सुमारे बारा हजार मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांपैकी जवळपास ७९ टक्के आणि इन्सुलिनवरच जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये निदान पंधरा दिवस रोजे धरले होते. साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये पहिल्या प्रकारात पावणेपाच पट आणि दुसऱ्या प्रकारात साडेसात पट झाले होते. कुरआनने आजारी माणसाला रोजातून सूट स्वच्छ शब्दांत दिली आहे. मग या बाया ऐकत का नाहीत? कारण त्यांच्यासाठी रोजा हा वर्षभरातला एकच असा महिना आहे, ज्यात घरातले सगळे एका वेळी उठतात, एका वेळी दस्तरख्वानवर बसतात, आणि त्यांच्या इबादतीला मान असतो. फिदया देऊन बाजूला बसणे म्हणजे त्यांना मोडीत निघाल्यासारखे वाटते.

मुलगा-सून इथे दोनांपैकी एक चूक करतात. एक तर 'तिची मर्जी' म्हणून गप्प बसतात. नाही तर सहरीला उठवतच नाहीत, गोळ्या लपवून देतात, डॉक्टरला पुढे करून घाबरवतात. दुसऱ्या चुकीत प्रेम आहे, पण ते बळेच तोंडात घातलेल्या औषधाच्या जातीचे आहे. अम्मीला डोक्याच्या जखमेवाल्या माणसाची गोष्ट सांगा, आणि अम्र बिन आस यांचीही. रमजानच्या महिना-दीड महिना आधी तिला घेऊन डॉक्टरकडे जा आणि तिच्यासमोरच विचारा की रोजे धरता येतील का, कुठल्या गोळीची वेळ बदलायची, साखर किती उतरली की रोजा सोडायचा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमांचे मत आहे. कित्येक बायांना हे कोणी सांगितलेलेच नसते. इफ्तारचे ताट लावणे, तरावीहसाठी सोबत नेणे, फिदयाचे पैसे तिच्याच हाताने देववणे, यातून तिची जागा तिच्याकडे राहते. आणि एवढे सगळे होऊनही ती म्हणाली की डॉक्टर जोखीम कमी सांगतात, मी धरते, तर तपासणीचे यंत्र तिच्या उशाशी ठेवा आणि तिला धरू द्या. चक्कर येऊन पडली तर तोंडात साखर घालायला कोणाची परवानगी लागत नाही, तिथे पूल मोडला आहे.

तरुण मित्रांनो, 'शरीर माझे' हे तुमचे वाक्य तुम्ही कुठे वापरता तेही बघा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत कुठल्या टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. विदर्भात खर्रा, इकडे मावा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पहिली पुडी उघडली जाते, आणि दोन वर्षांनी तीच पुडी स्वातंत्र्य म्हणून सांगितली जाते. जिममध्ये ट्रेनर सांगतो म्हणून इंजेक्शने घेणारी, त्यात काय आहे हे न विचारणारी मुले हीच. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे थोर हकीम अबू बक्र राझी यांच्यावर लोक टीका करत की तुम्ही स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवता आणि सुक्रातसारखे विरक्त राहत नाही. त्यांनी उत्तरादाखल छोटा ग्रंथच लिहिला. देहाला विनाकारण क्लेश देणे चूक आणि भोगाच्या मागे लागून पुढचे मोठे दुःख ओढवून घेणेही चूक, असे त्यात ते सांगतात. राझींची धर्माविषयीची काही मते उलेमांना कधीच पटली नाहीत, पण इस्पितळे चालवलेल्या माणसाचा हा हिशेब टपरीवर उभे राहूनही पटण्यासारखा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या ज्या निर्णयाने आज हात थरथरतो, त्याला आजचा निर्णय म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. तंबाखू सोडायची इच्छा असून सुटत नसेल तर सरकारी रुग्णालयांतून मदत मिळते, आणि ती मागणे हा देहाचा हक्क देण्याचाच भाग आहे.

शेवटी असा विषय, ज्यावर आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. स्वतःचा जीव घेणे हराम आहे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. प्रश्न त्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी आपण कसे वागतो याचा आहे. कायदाही इथे बरीच वर्षे अडखळला. मानसिक आजाराशी झगडणाऱ्या मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असेच मानायचे, आणि त्याची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेलेच नाही. आपल्या मोहल्ल्यांत मात्र अजूनही कोणी वाचला तर त्याच्या इमानावर चर्चा होते, आणि कोणी गेला तर जनाज्याला जायचे की नाही यावर. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली तो लिहायला कोणाची हरकत नसावी.

जनाज्याबद्दल लोक एक हदीस सांगतात की अशा एका माणसाची नमाज प्रेषितांनी स्वतः पढवली नव्हती. ते खरे आहे. पण बहुसंख्य फकीहांनी त्यातून एवढाच अर्थ घेतला की इमाम किंवा मोठ्या व्यक्तीने इतरांना धाक म्हणून दूर राहावे. बाकी लोकांनी नमाज पढावी, कारण गेलेला माणूस मुसलमानच आहे. आणि त्याच सहीह मुस्लिममध्ये दुसरीही हदीस आहे. हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत त्यांच्या कबिल्यातला एक माणूस हिजरत करून मदिनेला आला. तिथली हवा त्याला मानवली नाही, आजारपण असह्य झाले, आणि त्याने स्वतःच्याच हातांना इजा करून घेतली. त्यातच तो गेला. तुफैल यांना तो स्वप्नात दिसला. चांगल्या स्थितीत होता, पण हात झाकलेले होते. हिजरतमुळे मला माफी मिळाली, तो म्हणाला, पण जे मी स्वतः बिघडवले ते दुरुस्त होणार नाही असे मला सांगितले गेले. तुफैल यांनी हे प्रेषितांना सांगितले. त्यांनी अल्लाहकडे त्या हातांसाठीही माफीची दुआ मागितली. किताबुल ईमानमध्ये ही हदीस आहे.